कढईपाशी हसायचं नाही

आमच्या घरात वयं धोंड्यांवर मोजत. आई मामापेक्षा एका धोंड्यानं मोठी. मामी या घरात आली ती धोंड्याच्या आदल्या साली. मी दोन धोंड्यांच्या मधली. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. तो दर तीन वर्षांनी येतो, कधी थोडा अलीकडेच येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे वाढायचे आणि तांब्याच्या ताटात दिवा लावून जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, अशी रीत.

आमच्या बाबतीत जावई म्हणजे माझे बाबा. ते कळमनुरीला आडतीवर मापाडी होते. दिवसभर लोकांचं धान्य मोजायचं, हे त्यांचं काम. आणि सासुरवाड म्हणजे सेनगाव तालुक्यातलं साखरा, माझं आजोळ. तिथं आजी, मामा आणि मामी.

वर्षाला येणाऱ्या सणाची हाताला सवय राहते. तीन वर्षांनी येणाऱ्या सणाचं तसं नसतं. मधल्या काळात माणूस निम्मं विसरलेलं असतं. म्हणूनच की काय, आजीनं त्या दिवसाचे नियम फार पक्के करून ठेवले होते. जिच्या नवऱ्याला ताट द्यायचं तिनं कढईला हात लावायचा नाही. म्हणजे आई बाद. अनारसे तळून होईपर्यंत मोजायचे नाहीत. आणि तिसरा नियम, कढईपाशी हसायचं नाही.

या तिसऱ्या नियमाबद्दल थोडं सांगायला हवं. अनारसा तुपात सोडल्यावर कधी कधी धड राहत नाही. कडा सुटतात, मधे भेगा पडतात आणि बघता बघता त्याचा तुपात भुगा होतो. याला अनारसा हसला असं म्हणतात. सगळीकडेच म्हणतात. पण आजीच्या घरात तो शब्द खराच धरलेला होता. माणूस हसलं की ते बघून अनारसा हसतो, असं ती सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. त्यामुळे चुलीवर तूप चढलं की स्वयंपाकघरात सगळ्यांची तोंडं दहावं-तेरावं असल्यासारखी व्हायची.

आणि नेमकी मामी हसरी. साधी हसरी नाही. तिचं हसणं पोटातून यायचं आणि आलं की तिला उभं राहता यायचं नाही. भिंत धरून ती हळूहळू खाली बसायची. कशावर हसेल याचा नेम नव्हता. कोंबडी चालता चालता थांबली आणि तिनं मान वळवून मागं पाहिलं, एवढंही तिला पुरायचं.

१९९६ चा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्याच्या शेवटी लागला. मी पाचवीत गेले होते. शाळा उघडली होती, पण पहिल्या आठवड्यात वर्गात पोरांपेक्षा बाकंच जास्त असत. त्यामुळे आईनं मला चार दिवस आधीच साखऱ्याला नेलं. बाबा रविवारी येणार होते.

अनारशाचं पीठ तयार होतं. साखऱ्याला भात पिकत नाही, तांदूळ बाजारातून आणायचा. तो तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरून सावलीत सुकवायचा, ओलसर असतानाच उखळात कुटायचा आणि वस्त्रगाळ करायचा. त्याच्या बराबर गूळ. मळून गोळा डब्यात दाबून ठेवायचा आणि चार-सहा दिवस मुरू द्यायचा. कुटण्याचं काम मामीनं केलं होतं, गूळ आजीनं घातला होता. डबा पितळी होता आणि धान्याच्या कणगीशेजारी फळीवर होता. फळी माझ्या हाताला येत होती.

शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. आई आणि आजी शेजारी बसायला गेल्या होत्या, मामी विहिरीवर होती. मी डबा खाली काढला. मला फक्त वास घ्यायचा होता, असं मला अजूनही वाटतं. पण मुरलेल्या पिठाची चव ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. मी बोटानं थोडं घेतलं, मग मूठभर, मग अजून एक मूठ. वर खड्डा दिसायला लागला तेव्हा मी घाबरले. कोनाड्यात गुळाचा खडा होता, शेजारी किसणी होती. खाल्लं तेवढाच गूळ किसून मी त्या खड्ड्यात भरला, हातानं कालवला आणि वरून थापून सारखा केला. रंग जरा तांबूस झाला. डबा जागेवर ठेवला, किसणी धुतली, हात धुतले. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं असावं. घातला तोही गोडच, मग बिघडायचं काय?

रविवारी सकाळी बाबा आले. एसटीत उभं राहून आलेले, त्यात आदल्या दिवशी बाजार, त्यामुळे चहा घेतला आणि ओसरीवरच आडवे झाले. आत चूल पेटलेली. आजी कढईसमोर, मामी तिच्या शेजारी खसखशीवर अनारसे थापायला, आई दारात, मी आईच्या मागं. सगळ्या गप्प.

आजीनं पहिला अनारसा तुपात सोडला आणि तेवढ्यात ओसरीवरून बाबांचा आवाज आला.

"लाभ... दोन... तीन... चार..."

बाबा झोपेत मोजत होते. मापाडी एक म्हणत नाहीत, पहिल्या मापाला लाभ म्हणतात. डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, अगदी बाजारातल्या सुरात ते कुणाचं तरी धान्य मोजून देत होते.

मामीनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. बाहेर बाबा "सात" म्हणाले आणि तिचा बांध फुटला. ती भिंतीला टेकून खाली सरकत गेली, डोळ्यातून पाणी, आवाज फुटेना.

आजीनं कढईत पाहिलं. अनारसा उमलल्यासारखा फाटत गेला आणि तुपात विरघळला.

"हासू नको म्हनलं व्हतं ना गं ए! हासला बघ."

"म्या काय केलं आत्याबाई... दाजी झोपेत..."

"दाजीला झोपू दे. तू गप बस."

दुसरा सोडला. तोही फुटला. तिसरा, चौथा. मामी आता हसत नव्हती, रडवेली झाली होती, पण आजी म्हणाली, "एकदा हासलं की त्या जाग्याला हासू लागतं. उठ. जा अंगणात." मामी उठली आणि तापलेल्या उन्हात तुळशीपाशी जाऊन उभी राहिली.

अजून दोन-तीन फुटले. मग हळूहळू नीट व्हायला लागले. जाळी पडलेले, खसखशीचे, गोल. आजीनं आईकडे बघून मान हलवली. "बघितलंस? ती भाईर गेली आन् बराबर झालं."

आता मला कळतं की गूळ मी वरच्या थरात कालवला होता आणि आजी खालच्या पिठाशी पोचली तेव्हा अनारसे सुधारले. तेव्हा मला एवढंच कळलं की मामी हसली म्हणून ते बिघडले. माझ्या मनात गुळाचा विचार आलाच नाही असं नाही. पण आजीनं कारण सांगितलं होतं, सगळ्यांनी ते मान्य केलं होतं आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तेहतीस काही भरले नाहीत. सव्वीस झाले. उरलेले सात धोंडे ठेवून ताट पुरं केलं. ताट देताना आजीनं बाबांकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती.

त्या दिवसापासून नियमात एकाची भर पडली. कढई चढली की मामीनं बाहेर बसायचं.

पुढचा धोंडा सातवीच्या सुट्टीत आला. मामी अंगणात खसखस निवडत बसली. त्याच्या पुढचा, मी दहावीत असताना. तेव्हाही मामी अंगणात, मांडीवर वर्षाची मुलगी. तांदूळ भिजवणं, कुटणं, गाळणं, मळणं, सगळं तिनंच केलेलं. फक्त तळायच्या वेळी ती उठून जायची. कुणी सांगायची गरज उरली नव्हती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मामी, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"कशाचं?" ती हसली. "गार वाऱ्यात बसून राहिले की मी. त्या तिकडं धुरात." मग खसखशीत बोट फिरवत म्हणाली, "एकदा तरी त्या पाटावर बसावं वाटतं गं. घर सगळं माझं झालं. मामाचं जेवण माझ्या हातचं, आत्याबाईचं दुखनं-खुपनं माझ्या हातचं. तेवढा एक पाट न्हाई झाला." आणि लगेच, "जाऊ दे. माझं तोंडच वाईट, त्याला दात झाकता येत न्हाईत."

ती हसली म्हणून मीही हसले. आत कढई होती, म्हणून दोघी हळू हसलो.

बारावी झाल्यावर मी हिंगोलीला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे तिथं मला पुष्कळ गोष्टी विचारायची लाज वाटायची. प्रॅक्टिकलला कुणी काही सांगितलं की मी मान डोलवायची आणि नंतर कुणाच्या तरी वहीत बघायची. वसतिगृहात माझ्या खोलीत हट्टा गावची एक मुलगी होती. ती माझ्यापेक्षा धीट होती. पहिल्याच वर्षी श्रावण अधिक आला आणि ती घरी धोंडे जेवून डबा घेऊन परतली. डब्यात अनारशांचे तुकडेच होते.

"सगळे हसले," ती म्हणाली. "खा, चव चांगली आहे."

"कोण हसलं?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? अनारसे."

"हो, पण घरात कोण हसलं? तळताना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मी पुन्हा काहीतरी वेड्यासारखं विचारलं. मग ती म्हणाली, "गूळ जास्त पडला होता. आई म्हणाली, गूळ वाढला की पीठ धरत नाही, तुपात सुटतं. माणसाच्या हसण्याचा काय संबंध?"

माझ्या हातात तुकडा होता. तो तसाच राहिला.

मी तिला काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत मात्र माझ्या डोळ्यांपुढून तो पितळी डबा हलला नाही. दोन मुठी. किसणी मी धुतली होती, एवढं नीट आठवत होतं. आठ वर्षं. तीन धोंडे. मामीचं हसणं बाजूला राहिलं आणि माझी ती दोन मुठी भूक समोर येऊन बसली. कुणी मेलं नव्हतं, कुणाचं काही बुडालं नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी मामीचा तो पाट मीच अडवला होता, हे काही केल्या मनातून जाईना.

पुढच्याच रविवारी साखऱ्याला जायचं होतं. आई-बाबा कळमनुरीहून निघणार होते आणि मी हिंगोलीहून. एसटीत बसल्यावर सेनगाव येईपर्यंत मी ठरवलं की सगळ्यांसमोर सांगायचं. सेनगावला गाडी बदलली आणि पुढच्या रस्त्यात ठरवलं की फक्त मामीला सांगायचं. साखरा दिसायला लागलं तेव्हा ठरवलं की इतक्या जुन्या गोष्टी उकरून काही फायदा नाही.

घरी पोचले तर वेगळीच अडचण होती. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यावर काळा चष्मा. डॉक्टरांनी चुलीच्या धुराकडे फिरकू नको म्हणून सांगितलेलं. आणि पीठ तर मळून मुरलेलं. आता तळणार कोण?

"शेजारच्या काकूला सांगावा धाडलाय," आजी म्हणाली. "तिचा हात बरा हाय."

मामी दारात उभी होती. तिनं ऐकलं. खसखशीचं ताट उचललं आणि अंगणाकडे निघाली. निघताना हसली नाही, एवढंच मी पाहिलं. मामी हसली नाही की ते लगेच दिसायचं.

"आजी," मी म्हणाले.

"काय गं?"

"काकूला नका बोलवू."

"काहून?"

आई माझ्याकडे बघायला लागली, मामी अंगणाच्या उंबऱ्यावर थांबली.

"मागं एकदा अनारसे हसले होते ना, मी पाचवीत होते तेव्हा. ते मामीनं नाही हसवले. मी... मी आदल्या दिवशी डब्यातलं पीठ खाल्लं होतं. कळू नये म्हणून तेवढा गूळ किसून भरला होता."

आजीनं काळा चष्मा माझ्याकडे वळवला. तिच्या डोळ्यांत काय आहे ते दिसत नव्हतं, त्यामुळे मी आणखीच घाबरले.

"किती?"

"काय किती?"

"पीठ किती खाल्लं?"

"दोन मुठी."

"माझ्या का तुझ्या?"

"माझ्या. तेव्हाच्या."

आजीनं स्वतःचा हात पुढं धरला, मूठ मिटली, उघडली, अंदाज घेतला. ओठ हलत होते. ती हिशोब करत होती, तांदळाचा आणि गुळाचा.

"वरच कालवला व्हता का खालपतोर?"

"वरच."

"हां," ती म्हणाली. "मंग हासनारच की."

आईनं कपाळाला हात लावला. "अगं माय, आठ वरसं पोटात ठेवलंस? आन् किसणी धुऊन ठिवली व्हती, तेव्हाच मला वाटलं व्हतं, ही पोरगी कवाच काही धुवत न्हाई."

आजी अजून विचारात होती. मग अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "ऐकलंस का गं?"

"ऐकलं, आत्याबाई." मामीचा आवाज बारीक होता.

"आठ वरीस मी तुला भाईर बसवली."

"बसवली तं बसवली."

"तू बोलली काहून न्हाईस?"

"काय बोलू? हासले तर व्हते मी." मामी आत आली. "आन् खसखस निवडून निवडून माझे डोळे तुमच्या आदी गेले असते, तेवढी तकलीफ वाचली आता."

आजीला हसू आलं. आजीला मी फार वेळा हसताना पाहिलेलं नव्हतं, निदान अनारशाच्या दिवशी तरी नाही. तिनं चुलीशेजारचा पाट पायानं थोडा पुढं सरकवला आणि भिंतीला टांगलेला झारा काढून मामीच्या दिशेनं धरला. दिशा थोडी चुकली, मामीनं पुढं होऊन घेतला.

"काकूला सांग, येऊ नको म्हनावं," आजीनं आईला सांगितलं. मग मामीला, "बस. तूप मंद ठिव. आन् कायबी असो, हासायचं न्हाई हां. गूळ गुळाच्या जागी, नेम नेमाच्या जागी."

मामी पाटावर बसली. पदर खोचला. कढई चढली. आणि तिचे खांदे हलायला लागले.

"आत्याबाई," ती कसंबसं म्हणाली, "मला न्हाई जमत. मला दाजीचं ते झोपेतलं आठवून राहिलं. लाभ... दोन... तीन..."

तिनं तो सूर असा काही काढला की आई दाराला धरून वाकली. ओसरीवर बाबा जागेच होते. ते आतून आपलं नाव निघालं म्हणून दारात आले आणि "काय झालं?" म्हणाले. त्यावर तर काही विचारूच नका. मामीनं झारा खाली ठेवला.

"कढई उतरवा," ती म्हणाली. "आदी हासून घेऊ द्या मला. एकदाच सगळं हासून घेते, मंग बसते."

आजीनं थोडा विचार केला. "उतरव," ती म्हणाली.

कढई उतरवली आणि आम्ही हसलो. मामी भिंतीला टेकून, आई दारात, मामीची चार वर्षांची मुलगी काही न कळता टाळ्या वाजवत. बाबा दारात उभे राहून आधी गोंधळले, मग मिशीत हसले. मीही हसले, पण मधेच मला रडू आलं आणि मग कशाचं काय ते मलाही कळेना. बराच वेळ हे चाललं. हसू संपलं तसं मामीनं डोळे पुसले, कढई परत चढवली आणि गंभीर होऊन बसली.

पहिला अनारसा तुपात गेला. आम्ही सगळे श्वास धरून. त्याची एक कड सुटली. मग दुसरी. मधोमध भेग पडली.

मामीचा हात थांबला. तिनं आजीकडे पाहिलं नाही, कढईकडेच बघत राहिली. मला वाटलं, संपलं. आता आजी म्हणणार.

आजी लांब भिंतीपाशी बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. तुपाचा आवाज ती ऐकत होती.

"तूप लई तापलंय," ती म्हणाली. "दोन लाकडं मागं ओढ."

बस, एवढंच. मामीनं दोन लाकडं मागं ओढली. जरा थांबून दुसरा सोडला. तो फुलला, जाळी पडली, आणि गोलचा गोल वर आला. मामीनं झाऱ्यानं त्याच्यावर तूप उडवलं, उचलला आणि चाळणीत उभा लावला. नंतरचे सगळे तसेच झाले. ती मधेमधे विचारायची, "बराबर हाय का, आत्याबाई?" आणि आजी कान देऊन म्हणायची, "व्हय. चालू दे."

जेवणं झाल्यावर ताट मांडलं, दिवा लावला. बाबांनी ताट हातात घेतलं आणि सवयीनं मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन..." सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. बत्तीस भरले. बाबांनी वर पाहिलं.

"तेहतिसावा कुठंय?"

"हासला," मामी म्हणाली.

"मग तोच द्या की," बाबा म्हणाले. मामीनं वाटीतला भुगा आणून ताटात ठेवला आणि बाबांनी आधी तोच खाल्ला.

माझ्या पदवीच्या शेवटच्या परीक्षा संपल्या त्या उन्हाळ्यात पुन्हा धोंडा आला. आजी आता खाटेवरच असायची, पण खाट तिनं स्वयंपाकघराच्या दाराशी आणून घेतली होती. मामी पाटावर. यावेळी तिनं मला शेजारी बसवलं होतं, थापायला. माझ्या हातचे अनारसे एका बाजूला जाड व्हायचे आणि मामी बोटानं ते सारखे करायची. तिनं कढई चुलीशेजारी ठेवली, चढवली नाही, आणि दारात उभ्या असलेल्या मुलीला हाक मारली. ती आता सात वर्षांची झाली होती, दात पडलेले.

"ये. हासून झालं का तुझं?"

"न्हाई."

"मंग हास आदी. कढई खोळंबलीय."

पोरगी आधी लाजली, मग हसली आणि तिला बघून मामी हसली आणि मग सगळेच. झाल्यावर कढई चढली. पोरगी माझ्यापाशी येऊन कानात म्हणाली, "दीदी, अनारसे तळायच्या आदी काहून हासायचं असतं?"

कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. पितळी डब्यापासून, की बाबांच्या झोपेपासून? तेवढ्यात खाटेवरून आजीच बोलली. तिचा कान अजून चांगला होता.

"रीतच हाय ती बाई. माझ्या सासूपासून चालत आलीय."

मी मामीकडे पाहिलं. मामीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ दाबलेले होते आणि नाकपुड्या थरथरत होत्या. पण कढई चढलेली होती, म्हणून आम्ही दोघी खाली माना घालून गप्प बसलो.